खाटेखालच्या सहा वाघिणी

आमच्या कोकणातल्या गावाला रेल्वे ठाऊक नव्हती. त्यामुळे मालगाडीच्या डब्याला ‘वाघीण’ म्हणतात, हे मला अकोल्याच्या मालधक्क्यावर कामाला लागल्यावर आठ दिवसांनी कळलं. ते आठ दिवस मी फार जपून काढले. मुकादम ओरडायचा, “वाघीन आली, दार उघडा!” की मी कापसाच्या गाठींमागे सरकायचो.

मराठी पाचवीतून शाळा सुटलेली. गाठींवर खुणेचे आकडे रंगवायचं काम एका व्यापाऱ्यानं निव्वळ दयेनं दिलेलं. ते जाईल या धास्तीनं मी झोपेतही ‘हो जी, हो जी’ म्हणायचो, असं घरमालकीणबाई सांगत.

बाजारात एक पत्रेवाला घासलेटाचे जुने डबे कापून खेळण्यातल्या आगगाड्या करायचा. किल्लीचं इंजिन मला परवडण्यासारखं नव्हतं. प्रवाशांच्या डब्यांना खिडक्या कापाव्या लागत, म्हणून तेही महाग. मालडबे तेवढे नुसते चौकोनी, त्यामुळे स्वस्त. मी मालडबेच घेऊ लागलो. सहा जमले, त्यातला एक बिनछताचा, तेव्हा आनंद पोटात मावेना. आईला कार्ड लिहिलं :

‘मी सुखरूप आहे. इकडे मला वाघिणींचा नाद लागला आहे. स्वस्तात मिळतात. सहा झाल्या, खाटेखाली ठेवतो. त्यातली एक उघडी आहे. अमरावतीला राजापेठेत याहून मोठ्या मिळतात असं ऐकतो. रविवारी जाऊन एक आणीन. काळजी नसावी.’

आईला अक्षरओळख नव्हती. पोस्टमननं कार्ड अंगणात मोठ्यानं वाचलं. त्या वर्षी गावात वाघानं दोन पाड्या नेल्या होत्या.

महिन्याभरानं मी कामावरून परतलो, तर ओट्यावर मामा. बोटीनं मुंबई, तिथून रेल्वेनं अकोला, आणि हातात काठी. घरात पाऊल टाकायला तयार नाहीत. घरमालकीणबाई, ज्यांची शेती बार्शीटाकळीकडे आणि जीभ सदा धारदार, मामांना आग्रह करत होत्या.

“या ना जी आत. तुमचा भासा लय गरीब पोरगं हाय.”

“आणि त्या वाघिणी?”

“त्या पडून रायतेत खाटेखाली. रोज फडक्यानं पुसते तो त्यायले.”

“चावत नाहीत?”

“चावतीन कायच्या! पन कापतेत. परवा झाडता झाडता माह्यं बोट फाडलं एकीनं.”

“तुम्ही झाडता तिथं?”

“मंग कोन झाडीन?”

मामांनी मला पाहिलं आणि मनगट धरलं. “चल मेल्या, आत्ताच्या आत्ता. तुझ्या आयशीनं अन्न सोडलंय.”

घरी जमीन नाही, धंदा नाही. एकदा गेलो की मालधक्क्यावर दुसरा येणार. मी मनगट सोडवून खोलीत धावलो आणि सहाही वाघिणी ओट्यावर आणून मांडल्या.

मामांनी एक उचलून हुंगली. “घासलेट.”

“हो.”

“आणि इंजिन?”

“परवडत नाही.”

“मग ओढतो कोण?”

“मीच. ढकलतो.”

“एकोणीस वर्षांचा घोडा तू!” मामा काठी टाकून मटकन बसले. “अरे, देवळात गाऱ्हाणं घातलंय. अख्खा गाव मला बंदरावर पोचवायला आला होता. त्यांना काय सांगू, भाचा पत्रे ढकलतो?”

घरमालकीणबाई म्हणाल्या, “नेता काहून मंग त्याले? नेलं त गाव इचारीनच, वाघिनी कुठं हायेत म्हनून.”

मामांनी यावर पुरे दोन कप चहा विचार केला. मग म्हणाले, “तू इथंच राहा. वाघिणी आहेत, पण बांधलेल्या आहेत, असं सांगतो.” जाण्याआधी त्यांनी उघडी वाघीण ओट्याच्या टोकापर्यंत ढकलून पाहिली. मी पाहतोय हे कळल्यावर खोकले.

पंधरा दिवसांनी आईचं कार्ड आलं, पोस्टमनच्या अक्षरात. ‘मामांनी सगळं सांगितलं. राहा तिथं. पण त्या खातात काय?’

आईशी खोटं बोलवेना. मी लिहिलं, ‘काही खात नाहीत.’

उलटटपाली ग्रामदेवतेच्या अंगाऱ्याची पुडी आली. ‘आजारी दिसतात. सहाही जणींना लाव. उरला तर तू.’

मी लावायला बसलो. पण चौकोनी डब्याचं कपाळ कुठलं? घरमालकीणबाईंना विचारलं.

“जिकून ढकलतं ते शेपूट,” त्या म्हणाल्या. “दुसरीकून लाव.”