वहिनीच्या स्वयंपाकघराचा निकाल

माझा मोठा भाऊ पुस्तकं बांधतो. लोकांना वाटतं, पुस्तक लिहिलं आणि छापलं की झालं. तो छापलेला सुट्या कागदांचा ढीग मग आमच्या दुकानात येऊन पडतो, आणि दादा त्याला शिवतो, पाठ देतो, पुठ्ठा चढवतो. फाटकी जुनी पुस्तकंही येतात. शाळेचे शब्दकोश, दवाखान्यातली जाडजूड रजिस्टरं, कुणाच्या आजोबांची गाण्यांची वही. मी त्याची धाकटी बहीण. पुठ्ठे कापते, पाठी चिकटवते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. या शेवटच्या कामात घरात माझा कुणी हात धरू शकत नाही.

मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. कौतुकाने माणसं शेफारतात असं माझं स्पष्ट मत आहे. पण दादाच्या आजारपणात मी जे पाहिलं, त्याने माझी बोलती बंद झाली. मला ओळखणाऱ्यांना कळेल की ही केवढी मोठी गोष्ट आहे.

दादा पन्नाशीला आला आणि झिजायला लागला. पोट सतत बिघडलेलं, तोंडात फोड, हाडं ठणकत असायची. पुस्तकं दाबायच्या लोखंडी प्रेसचं चाक तो एका हाताने गरकन फिरवायचा, आता दोन्ही हातांनी लोंबकळू लागला. चेहरा आमच्याच पुठ्ठ्यासारखा करडा झाला. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, आणि शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी पोटात नळी घालून पाहिलं आणि निदान केलं: सिलिॲक. गव्हात, जवात एक ग्लूटेन नावाचा पदार्थ असतो. तो पोटात गेला की दादाचं शरीर आपल्याच आतड्यांवर उलटतं. आतड्याच्या आत मखमलीसारखं अस्तर असतं म्हणे, अन्नाचा कस तेच शोषून घेतं. दादाची मखमल पार झिजली होती.

"औषध?" वहिनीने विचारलं.

"ते खायचं नाही, हेच औषध. जन्मभर. कणभरसुद्धा नाही."

"कणभर म्हणजे किती?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्या ताटलीत पावाचा चुरा पडलाय, त्या ताटलीत यांनी जेवायचं नाही. इतकं."

वहिनी लहान मुलांच्या शाळेत शिकवते. चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी बाई. तिने त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघराकडे त्याच नजरेने पाहिलं. लाकडी चमचे गेले, कारण लाकडाच्या भेगांत पीठ बसतं. जुनी चाळणी गेली, मिक्सरचं भांडं गेलं, पाव भाजायचं यंत्र वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत आलं. मसाल्याच्या डब्यात कधीकाळी पिठाचा चमचा बुडाला असेल म्हणून सगळे मसाले फेकले. सॉसच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं ती भिंग घेऊन वाचायची आणि तरी शंका राहिली तर बाटलीवरच्या नंबरला फोन करायची. पलीकडचा माणूस गोंधळला की शाळेतल्या आवाजात त्याला पुन्हा पहिल्यापासून विचारायची. घरात गव्हाचा दाणा उरला नाही. ती स्वतःही दादाबरोबर तेच खायला लागली. मी माझी बिस्किटं जिन्यात बसून चोरासारखी खायचे आणि नंतर ओठ पुसून, हात धुऊनच खाली उतरायचे. दुकानात बिस्कीट आणायची तर माझी काय बिशाद!

काही महिन्यांनी दादाच्या गालांवर जरा रंग आला. मग तो रंग तिथेच अडला. रक्ताचे आकडे थोडे उतरले आणि पुढे हलेनात. पोट पुन्हा बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून दादाकडे पाहत विचारलं, "बाहेर काही खाता का? खरं सांगा."

"नाही," दादा म्हणाला. दादा मुळात एका शब्दाचा माणूस आहे.

बाहेर आल्यावर रस्त्यात वहिनीने त्याला एकदाच विचारलं, "नाही ना?" तो म्हणाला, "नाही." "बरं," असं म्हणून ती चालू लागली. मी असते तर त्याचे खिसे उलटे केले असते, टेबलाचे खण तपासले असते, बेकरीवाल्याला दम दिला असता. वहिनीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तिने त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवला. पण त्यामुळे झालं काय, की गुन्हेगार म्हणून एकच माणूस उरला. ती स्वतः.

त्यानंतर तिचं जे सुरू झालं ते मला बघवत नव्हतं. भांडी दोनदोनदा उकळायची. हात इतके धुवायची की बोटांना चिरा पडल्या. एका दुपारी मी खाली गेले तर ही जमिनीवर बसून, कान साफ करायच्या काडीने खणांच्या खाचा पुसत होती.

"वहिनी, पुरे की आता."

"कुठेतरी माझंच चुकतंय गं," ती मान वर न करता म्हणाली. "ते माझ्या हातचं जेवतात, आणि माझ्याच हातून त्यांच्या पोटात विष जातंय. आणि मला दिसत नाहीये."

पुढचा रिपोर्टही असाच आला तर जालीम औषधं सुरू करावी लागतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आम्ही तिघंही त्या रिपोर्टच्या धास्तीत जगत होतो.

आणि मग एक दिवस दादा डबा घरीच विसरला.

वहिनी शाळेतून परत येताना डबा घेऊन दुकानात आली. ती दुकानात फारशी येत नसे, आली तरी दारातून बोलून जायची. त्या दिवशी दादाच्या हातात अर्धवट शिवलेलं पुस्तक होतं. अर्ध्यात सोडलं तर दोरा ढिला पडतो. म्हणून ती कागदांच्या गठ्ठ्यावर बसून त्याचं होईपर्यंत वाट पाहू लागली. रिकाम्या हाताने बसलेली आणि दादाकडे बघणारी वहिनी मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली असेन.

दादाने शिवता शिवताच शेजारच्या पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवून चिकटवायची खळ सारखी केली. बोट फडक्याला पुसल्यासारखं केलं. नवा दोरा तोडला, त्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुईत ओवलं. सुई दातांत धरली. जिभेला बोट लावून पानांचा पुढचा गठ्ठा उचलला. मग खळीच्या पातेल्यात करंगळी बुडवून जिभेच्या टोकाला लावली आणि बाजूला थुंकला. खळ आंबली की नाही हे जीभच सांगते, असं त्याच्या उस्तादांनी त्याला पोरवयात शिकवलं होतं.

"तुमच्या बोटाला काय आहे?" वहिनीने विचारलं.

"खळ," दादा म्हणाला.

"कशाची करता?"

दादाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. उत्तर मी दिलं, कारण ती खळ रोज सकाळी मीच शिजवत होते. "गव्हाच्या पिठाची."

पातेलं आमच्या तिघांच्या मधोमध होतं. त्या पातेल्याकडे अन्न म्हणून आमच्यातल्या कुणीही कधी पाहिलं नव्हतं. ते आमचं हत्यार होतं. हातोडीकडे बघून कुणाला भूक लागते का? दादाला कुणी विचारलं असतं, पीठ खातोस का, तर त्याने पुस्तकांवर हात ठेवून शपथ घेतली असती, आणि ती खरी असती.

मला वाटलं वहिनी सुटकेचा श्वास टाकेल. ती मात्र डबा मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "एवढ्याशाने होईल? दोऱ्याच्या टोकाने? नाही हो. घरातही काहीतरी असणार. मी तो कपाटामागचा भाग..."

"थांब," दादा म्हणाला. मग तो सलग इतकी वाक्यं बोलला, की मी कात्री खाली ठेवली. "घरात आता काहीच बदलायचं नाही. एक चमचासुद्धा नाही. आहे तसंच राहू दे. फक्त मी बदलतो. मग रिपोर्ट येईल, आणि चूक कुणाच्या हातांची होती ते कळेल. एकदा तरी माझी असू दे ना!"

खळ बदलणं सोपं नव्हतं, पण जमलं. तांदळाच्या पिठाची पहिली खळ पुठ्ठ्यावरून पापुद्र्यासारखी उडाली. दुसरीने पुठ्ठे होडीसारखे वाकले. मी शिव्या देत देत पाण्याचं प्रमाण बदलत राहिले आणि शेवटी एकदाची पकडणारी खळ सापडली. पण जुन्या पुस्तकांचं काय? त्यांच्या पाठीवर कुणीतरी कधीकाळी लावलेली गव्हाची खळच सुकून बसलेली असते. ती खरवडायची म्हणजे धूळ उडणार, बोटांना लागणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या पुस्तकांचं काम सोडून द्या. दादा म्हणाला, सोडत नाही. धूळ उडू नये म्हणून तो ती खळ ओल्या फडक्याने भिजवून काढायला लागला. राहिले ते हात. उभा जन्म ज्या हातांनी न विचारता तोंडाकडे धाव घेतली, त्यांना आता कोण सांगणार?

त्याने नाकातोंडावर जाड पांढरं फडकं बांधायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी ते फडकं सोडून त्याने टेबलावर ठेवलं, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. ओठांच्या जागी कडक, पिवळट खपली जमली होती. दिवसभरात हात कितीदा तोंडाशी गेला होता, याचा त्याला पत्ता नव्हता. समोर बसून मलाही नव्हता. एवढं सगळं रोज आत जात होतं. आम्ही कुणी पाहिलं नाही, त्याला स्वतःला कळलं नाही, पण त्याच्या आतड्यांनी दोऱ्याच्या टोकाएवढी गोष्टही कधी नजरेआड केली नव्हती. माणसाचं शरीर इतकं सावध असतं? मी माझ्याच पोटावर नकळत हात ठेवला.

फडकं रोज वहिनी धुवायची. धुण्याआधी उजेडात धरून बघायची, आणि मग भिजत घालायची.

दादाने हातांशी जे केलं ते मी शब्दांत कसं सांगू? प्रत्येक दोरा तोडल्यावर तो थांबायचा. हात वर निघालेला असायचा. तो त्या हाताकडे नुसता बघायचा, न रागावता, एखादा जुना नोकर चुकीच्या खोलीत शिरला तर बघावं तसं. मग हात खाली आणून वाटीतल्या पाण्यात दोऱ्याचं टोक बुडवायचा. पाण्याने भिजलेला दोरा फुलतो, सुईत जात नाही. पुन्हा, पुन्हा. पूर्वी जेवढ्या वेळात तो एक पुस्तक शिवायचा, तेवढ्यात आता पाव पुस्तकही होईना. गिऱ्हाईक कुरकुरलं की मी समाचार घ्यायचे. एकदा मीच वैतागून म्हटलं, "अरे, तांदळाची खळ आहे ना आज, एकदा लावलास ओठाला तर मरत नाहीस!"

"हात काय विचारून जातो, कुठली खळ म्हणून?" तो म्हणाला. "आणि एकदा गेला की रिपोर्ट खोटा पडणार. मग ती परत खाचा पुसत बसणार."

तेव्हा मला कळलं की हा माणूस आपल्या पोटासाठी लढतच नव्हता.

खपली पातळ झाली. मग डाग उरला. मग एका संध्याकाळी वहिनीने फडकं उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आणि न धुता घडी घालून ठेवलं. दादाच्या हातांनी पन्नाशीनंतर नवं वळण घेतलं होतं. पोरासोरांना पेन्सिल धरायला शिकवताना वहिनीचे वर्षानुवर्षं नाकी नऊ येतात. ती त्या फडक्याकडे बराच वेळ बघत उभी होती.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटसुलट पाहिला, आधीचा शेजारी ठेवला, आणि हसल्या. "वा! आकडे पार खाली आलेत. असंच राहिलं तर आतलं अस्तर भरून येईल. जालीम औषधांची गरज नाही."

मी मोठ्याने "हुश्श" केलं. दादाने केलं नाही. तो खुर्चीत पुढे सरकला.

"डॉक्टर, आम्ही घरात काहीच बदललं नव्हतं. भांडी तीच, जेवण तेच. फक्त दुकानातलं बदललं."

"हो, सांगितलंत तुम्ही मला."

"म्हणजे घरचं जेवण पहिल्यापासून चोख होतं?"

"होतंच. नाहीतर आकडे असे उतरले नसते."

"मला नको सांगू," दादा म्हणाला. एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना तो चक्क अगंतुगं करून गेला, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. "हिला सांगा. हिच्याकडे बघून सांगा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, खुर्ची वहिनीकडे वळवली आणि सावकाश म्हणाल्या, "तुमच्या स्वयंपाकघरात काहीही नव्हतं. तुमच्या हातून कधीच काही चुकलं नाही."

वहिनी चिरा पडलेले हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. चाळीस पोरांना गप्प करणाऱ्या त्या बाईचा आवाज जेमतेम फुटला.

"परत एकदा सांगता?"

डॉक्टरीणबाईंनी परत सांगितलं.