आधी उतरायचं कसं ते सांगा

कुठल्याही जागेत पाऊल टाकण्याआधी तिथून बाहेर कसं पडायचं हे विचारणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहतो. तुम्ही त्यांना पाहिलं आहे. मागच्या खेपेला तुम्ही दोघं पोरं आमच्या गच्चीच्या कठड्यावर बसला होतात, तेव्हा समोरून हात जोडून उभे राहिलेले पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, ते हेच वकीलसाहेब. तुम्हाला वाटलं ते नमस्कार करत आहेत, म्हणून तुम्हीही हात सोडून नमस्कार केलात. बिचारे मटकन खाली बसले. ते तुम्हाला खाली उतरा म्हणून विनवत होते.

अंबडच्या कोर्टात त्यांनी जन्मभर बांधाची आणि वाटणीची भांडणं लढवली. आता वकिली सुटली, पण उलटतपासणी सुटली नाही. लग्नाला गेले की वधूवरांना भेटण्याआधी ते कार्यालयाचं मागचं दार शोधतात. एकदा त्या दाराला बटाट्याची पोती लावलेली निघाली. साहेबांनी शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि पोती ओढू लागले. नवरीच्या मामांनी त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून, "चाचा, पोती मंग उचला, आधी पाणी वाढा," असं सुनावलं. साहेबांनी पाणी वाढलं. सगळी पंगत उठेपर्यंत वाढलं आणि मग पोती हलवूनच जेवायला बसले. एसटीत ते फक्त संकटकाळच्या दरवाजाशेजारी बसतात, आणि बसल्यावर तो उघडतो का हे ओढून पाहतात. एकदा जालन्याच्या वाटेवर तो खरोखरच उघडला. कंडक्टर म्हणाला, "काका, काय करून राह्यले? एकदा उघडला की बंद होत न्हाई तो." साहेब म्हणाले, "बराबर. बंद होईना तर चालंल, उघडला पाहिजे." पुढचा सगळा रस्ता त्यांनी तो दरवाजा हाताने धरून बसून काढला.

तुम्हाला हसू येईल. मलाही येतं. पण हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता. विहिरीत सूर मारणारा, चालत्या बसमध्ये चढणारा आणि बायकोला घेऊन दर उरुसात आकाशपाळण्यात बसणारा हा माणूस होता. त्यांच्या बायकोला मी आपा म्हणते. आपांना उंचावर बसायची फार हौस होती. वरून अंबड कसं स्वच्छ दिसतं, असं त्या म्हणायच्या. खालून ते तसं कधी दिसलं नाही, हे खरंच.

जालना रोडला एका शेतात ते फन पार्क उभं राहिलं, तेव्हा आमची सगळी गल्ली टेम्पो करून गेली. मला गरगरतं, म्हणून मी खाली सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी होते. बायकांना एकमेकींशी बोलायचं होतं, म्हणून त्या ओळीने एकापाठोपाठच्या डब्यांत बसल्या. त्यांच्यानंतर ओळीने पुरुष. आपल्याकडे पंगतही अशीच बसते, सत्यनारायणही असाच ऐकतात. पाळणा भरला, दोन फेऱ्या झाल्या आणि लाइट गेली. पाळणा चालवणारा, "डिझेल घेऊन येतो," असं म्हणून मोटारसायकलवर जो गेला तो गेलाच. वरची पोरं रडू लागली. वकीलसाहेबांचा डबा खाली आलेला होता. ते उतरले आणि कोर्टातल्या खणखणीत आवाजात ओरडले, "आधी बायांना उतरवा."

यात कुणाला काय चूक दिसणार? आपल्याकडे आग लागो, पूर येवो, आधी बायाबापड्या. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावरचे काही दणकट लोक सहलीला आलेले होते. त्यांनी चाक हाताने ढकलत एकेक डबा खाली आणला आणि बायकांना अदबीने उतरवलं. पुरुष शहाण्यासारखे आपापल्या डब्यात बसून राहिले. पाळणा भरताना समोरासमोरचे डबे भरतात आणि रिकामा करतानाही तसेच रिकामे करायचे असतात, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक बाजू रिकामी झाली, दुसरीत सगळे बाप्ये. शेवटच्या डब्यातून आपा उतरत होत्या, एक पाय फळीवर, एक डब्यात. चाक लोकांच्या हातून सुटलं आणि जड बाजूने आपोआप फिरलं. आपांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. जिना त्यांना कायमचा बंद झाला.

पार्कचा मालक मिठाई आणि सगळ्या कुटुंबाला जन्मभर फुकटचा पास घेऊन भेटायला आला. साहेबांनी घरी आलेल्या माणसाची मिठाई ठेवली आणि पास परत दिला. म्हणाले, "मला भरपाई न्हाई पाहिजे. महिन्यातून एकदा लाइट बंद करून, चाकावरचे सगळे लोक खाली उतरवून दाखवा. तुमचा माणूस उभा पाहिजे, त्याला शिकवलेलं पाहिजे. बस."

मालक म्हणाला, "साहेब, लाइट तर रोजच जाती."

"जाती. लोकं उतरत न्हाईत."

मालकाने हे मान्य केलं नाही आणि साहेबांनी आपांच्या वतीने ग्राहक न्यायालयात दावा लावला. मग वर्षानुवर्षं ते तारखेला जालन्याला जात राहिले, एसटीच्या त्या संकटकाळच्या दरवाजाशेजारी बसून. साक्षीला मीही गेले होते. समोरच्या वकिलाने मला विचारलं, "मॅडम, त्या प्रसंगी तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "चपला धरल्या होत्या." सगळे हसले. मग त्याने साहेबांना विचारलं, "बायांना आधी उतरवा, हे कोण ओरडलं?"

साहेब म्हणाले, "मी. अख्ख्या अंबडला माहीत आहे. पण मी गिऱ्हाईक होतो. ओरडायचं काम ज्याचं होतं, तो कुठं गेल्ता, ते विचारा त्यांना."

ते कुणी विचारलं नाही. दावा फेटाळला गेला. इजा पाळण्यामुळे झाली नाही, उतरवताना झाली, आणि उतरवलं ते अर्जदाराच्या नवऱ्याच्या सांगण्यावरून. वरच्या कोर्टात जायचं तर औरंगाबादच्या खेपा, आणि आपांना उठवायला-बसवायला घरात दुसरं कुणी नाही. इतक्या वर्षांच्या भांडणातून निष्पन्न काय झालं, तर पार्कच्या फाटकावर एक पाटी लागली. लाइट गेल्यास गिऱ्हाइकांनी स्वतः उतरू नये व इतरांस उतरवू नये, व्यवस्थापन जबाबदार नाही. साहेब ती पाटी मुद्दाम वाचून आले आणि मला म्हणाले, "बाई, मराठी शुद्ध आहे." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आपांनी त्यांना एका शब्दाने कधी दोष दिला नाही. त्या एवढंच म्हणतात, "पाँव मेरा टूटा, लंगडते ये हैं।"

आता संध्याकाळी लाइट गेली की गल्लीत आम्ही मेणबत्त्या शोधतो आणि साहेब गच्चीवर जातात. तिथून, घरांच्या पलीकडे, पार्कचा पाळणा दिसतो. त्याचे रंगीत दिवे विझलेले असतात. ते पुन्हा लागेपर्यंत साहेब उभेच. एकदा मी त्यांना ओरडताना ऐकलं, "समोरासमोरचे उतरवा." तिथपर्यंत आवाज कसा पोचणार? खाली आपा ताट झाकून बसतात. चाक फिरू लागल्याशिवाय हा माणूस घास घेणार नाही, हे त्यांना माहीत असतं.

मागच्या आठवड्यात तुमचा फोटो आला, तिकडच्या त्या मोठ्या पार्कमधला. तुम्ही दोघं उंच रुळांवरच्या गाडीत, हात वर, तोंडं उघडी. मला तर पाहूनच गरगरलं. तेवढ्यात इकडे लाइट गेली आणि समोर साहेब गच्चीवर आलेले दिसले. मी फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, पोरांचे चेहरे पाहून तरी हसतील. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, पण तुमच्याकडे पाहिलंच नाही. रुळांच्या कडेने बोट फिरवत ते पार शेंड्यापर्यंत गेले आणि थांबले. तिथे एक अरुंद लोखंडी जिना होता. मला तो तोवर दिसलाच नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "जिना हाय. वरपर्यंत हाय."

मग त्यांनी जे कधीच केलं नव्हतं ते केलं. पाळण्याचे दिवे लागायच्या आधीच ते खाली उतरले. मेणबत्तीपाशी आपांच्या पुढे फोन धरून त्यांनी तो जिना दाखवला, एकेक पायरी. आपांनी डोळे बारीक केले. त्यांना जिन्याचं काय? त्यांनी तुम्हाला शोधलं.

"बच्चे बहोत ऊपर हैं जी," त्या म्हणाल्या.

"उतर जाएँगे," साहेब म्हणाले. "ये बच्चे उतर जाएँगे।"

मग आपांनी ताटावरचं झाकण काढलं. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, अंधाऱ्या खिडकीकडे पाहिलं, ताट परत झाकलं आणि पुन्हा गच्चीवर गेले.