उतारावरचं ऑईल

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, त्याबद्दल माफी असावी. भासऱ्यांना मात्र माझ्याकडून माफी नाही.

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. मुरूम वाहायचा जुना टिप्पर दोघा भावांचा. चालवायचा माझा नवरा, हिशोब भासऱ्यांकडे. बॅटरी मेलेली होती आणि नवी घ्यायला भासरे तयार नव्हते. म्हणून गाडी रोज संध्याकाळी घरामागच्या उतारावर, तोंड खाली करून उभी राहायची. सकाळी ब्रेक सोडला की घरंगळत चालू व्हायची. त्याआधी नवरा तेल पाहायची पट्टी काढायचा. ऑईल रोज खालच्या खुणेच्याही खाली. तो ओतायचा आणि गाडी निळा धूर सोडत निघायची.

ऑईलचा कॅन माझ्या स्वयंपाकघरात असायचा, कारण कुलूप तिथेच होतं. कॅन भराभर संपू लागले तसं भासऱ्यांनी गाडी मिस्त्रीला दाखवली. इंजिन ठीक आहे, एवढं ऑईल खाणार नाही, असं तो म्हणाला. मग खाणारं माणूस शोधायचं राहिलं. गिरडला माझ्या भावाचा ट्रॅक्टर आहे. ऑईल मी तिकडे पोचवते असं ठरवायला भासऱ्यांना तेवढं पुरलं.

शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात जाऊ विचारायची, "काऊन वं, भाजीले फोडणी ऑईलचीच देतं का?" बाया हसायच्या. भासऱ्यांनी नवऱ्याच्या वाट्यातून ऑईलचे पैसे कापले. सिंदीच्या बाजारात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकून मी जमवलेले होते, तेही नेले. ऑईल मीच ओततो, असं नवरा एकदाच म्हणाला. बायकोची बाजू घेतो म्हणून त्यालाच ऐकावं लागलं, तेव्हापासून तो गप्प झाला. तेही मी विसरले नाही. मला तर बोलायची सोयच नव्हती. आमच्यात भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही आणि तोंड उघडत नाही.

पुढे गाडी उतारावरूनही चालू होईना, तेव्हा नवी बॅटरी आली. गाडी अंगणात सपाट जागेवर लागली. दुसऱ्या सकाळी भासऱ्यांनी स्वतः पट्टी काढली. ऑईल वरच्या खुणेच्या कितीतरी वर.

"भ्याली," ते नवऱ्याला म्हणाले. "चोरीचं आणून ओतलं तिनं."

मी दारात होते. चूल एका अंगाला खचली की तव्यावरचं तेल एका कडेला जातं आणि दुसरी कड कोरडी राहते. त्यांच्या हातातली पट्टी पाहताना मला ते आठवलं. पदर सावरला आणि पहिल्यांदा सरळ त्यांच्याशी बोलले.

"गाडी उतारावर न्या. मंग पट्टी पाहा."

इंजिन चालू न करता माणसांनी गाडी ढकलत नेली. तोंड खाली झालं. थोडं थांबून पट्टी काढली, तर ऑईल खालच्या खुणेखाली. थेंबही कोणी काढला नव्हता. सगळं पुढे जाऊन बसलं होतं आणि पट्टी होती मागच्या अंगाला. रोज गरज नसताना ओतलेलं ऑईल धुरातून जात होतं.

भासरे पट्टी पुसत राहिले. जाऊ म्हणाली, "सोड वं, घरातलीच गोष्ट हाय." संध्याकाळी ती साडी घेऊन आली.

"साडी नाई पायजे," मी म्हणाले. "पैसे पायजे."

भासरे थोडे थोडे देत राहिले, मी भीक मागते आहे असं तोंड करून. कमी आले की मी दारातून हलत नसे. परवा त्यांनी शेवटचे आणले. हातात दिले नाहीत, ओट्यावर ठेवले. मी त्यांच्यासमोरच मोजले. पूर्ण भरले.