अव्वाचा एक नीट फोटो

आमच्या मैंदर्गीकडे घरात मराठी आणि बाजारात कानडी चालते. होता होता दोन्ही इतक्या मिसळल्यात की आईला आम्ही भावंडं अव्वाच म्हणतो. मला अव्वाचा एक नीट फोटो हवा होता. नीट म्हणजे ज्यात डोळे स्पष्ट आहेत असा. साडी चुरगळलेली असो, मागे शेळी उभी असो, त्याचं मला काही नव्हतं.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते आधी लिहिते.

माझे मालक सोलापुरात फोटो काढायचे. विणकरांच्या वस्तीत त्यांचं लहानसं दुकान होतं. मी चौथी शिकलेली, लग्न होऊन शहरात आले तेव्हा दुकानाच्या पायरीवरसुद्धा बसायची नाही. गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीत. पण बायकांच्या कार्यक्रमांना लोक म्हणायचे, फोटोला बाईमाणूस असलं तर बरं. डोहाळजेवण असतं, हळद असते, नवरीला बांगड्या भरायच्या असतात. तिथं परका पुरुष नको वाटतो. म्हणून मालकांनी मला कॅमेरा शिकवायला घेतला. मी म्हणाले, "त्यावर सगळं इंग्रजी लिहिलंय. मला कुठं येतंय?"

"कॅमेऱ्याला तरी कुठं येतंय?" ते म्हणाले. "भिंगाचं चित्र हाय ना, ते बटण दाब. बास."

त्यांची शिकवण एवढीच होती. फोटो निघाला की लगेच मागच्या स्क्रीनवर बघायचा. पण नुसता बघून सोडायचा नाही, कारण बारक्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात. भिंगाचं बटण दाबून मोठा करायचा, बाणाच्या बटणानं सरकत सरकत चेहऱ्यावर जायचं, चेहऱ्यावरून डोळ्यांवर. पापणीचा केस न् केस सुटा दिसला तर फोटो ठेवायचा. मी काढलेल्या पहिल्या नवरीचा फोटो मी त्यांना मोठ्या कौतुकानं दाखवला होता. त्यांनी मोठा केला. मुंडावळ्यांचा एकेक मोती चकचकीत, आणि त्यांच्यामागे नवरीचे डोळे धुरात बसल्यासारखे.

"कॅमेऱ्यानं मुंडावळ्या धरल्या," ते म्हणाले. "त्याला काय कळतंय? जे फुडं लोंबतंय ते धरतोय. नवरी तू धरायची."

हे काम मला आवडायला लागलं. तोंडापुढे कॅमेरा असला की कुणी माझ्याकडे बघत नाही. आणि कार्यक्रमात रिकामी वेळ आली की खाली मान घालून स्क्रीन बघत राहायचं. वस्तीतल्या बायका आपसात तेलुगू बोलायच्या. त्या हसायला लागल्या की मला कळायचं नाही कशाला हसतात. मग मी एकदा तपासलेले फोटो पुन्हा तपासायची. सगळ्यांना वाटायचं बाई कामात आहे. डोळे कुठं ठेवायचे हा माझा जन्माचा प्रश्न होता, तो त्या स्क्रीननं सोडवला.

मग मालक गेले. आजारपण लहानसंच, पण गेले.

माणूस गेलं की दहाव्याच्या आत फोटो लागतो, हे आमच्या दुकानाइतकं कुणाला ठाऊक असणार? लोक रडतच यायचे. कुणी आधार कार्ड आणायचं, कुणी लग्नाच्या घोळक्यातला फोटो. घोळक्यातलं एक तोंड बोटानं दाखवायचं. मालक ते तोंड कापून घेत, मोठं करत, कधीही कोट न घातलेल्या माणसाला कोट घालत आणि चौकटीत बसवून देत. त्यांचा स्वतःचा फोटो शोधायची वेळ आली तेव्हा घरात एकही नव्हता. सगळ्या सोलापूरचे फोटो होते, त्यांचा नव्हता. एका वऱ्हाडाच्या फोटोत अगदी कडेला ते उभे सापडले, चेहरा चिंचोक्याएवढा. दुसऱ्या दुकानातून मोठा करून घेतला. डोळ्यांच्या जागी दोन काळपट डाग आले. तोच भिंतीवर आहे. नीट फोटोतलं माणूस, आपण खोलीत कुठंही बसलो तरी आपल्याकडे बघतं. हे बघत नाहीत.

आम्हाला मूलबाळ नाही. दुकान सोडलं, एक कॅमेरा तेवढा ठेवला. अजून कुठं बारसं, कुठं डोहाळजेवण असलं की बोलावणं येतं. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत, त्यामुळे कमीच येतं. बाकी दिवस खोली, आणि शेजारच्या मागांचा खडखडाट. तो थांबला की जास्त एकटं वाटतं.

असंच एका दुपारी बसले असताना मनात आलं, अव्वाचं वय झालंय. तिच्या बाबतीत असं व्हायला नको. थंडी सरत आली होती. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि मैंदर्गीची गाडी धरली.

अव्वा माझ्या भावाकडे असते. भाऊ शेतावर गेला होता, भावजय दारात तुरीच्या शेंगा निवडत होती. मी का आले ते सांगितल्यावर ती म्हणाली, "वन्सं, मोबाईलमदी ढीगभर फोटू हायत की आत्याबाईंचे. एवढ्यासाठी गाडीभाडं घातलासा?"

तिनं दाखवले. खरंच ढीगभर होते. सणाचे, बैलांचे, जेवणावळीचे. अव्वा सगळ्यांत होती आणि एकातही नव्हती. कुठं अर्धी, कुठं पाठमोरी, कुठं तोंडावर हात. एकातला चेहरा मी बोटांनी मोठा केला तर त्याचे चौकोन चौकोन झाले.

अव्वा बाजेवर बसून हे सगळं ऐकत होती. तिला फोड करून सांगावं लागत नाही. म्हणाली, "हाराचा फोटू काढाय आलीस व्हय गं?"

मी पिशवीतून कॅमेरा काढायला लागले. भावजयच म्हणाली, "काढून ठिवा की, आत्याबाई. ऐनवेळी आधार कार्डावरला लावला तर मातीला आल्याली माणसं पळून जातील."

"त्यो तुझा लाव. माझ्या आदी तूच जातीस बघ, चहात साखर घालतीस का चहा साखरंत?"

"मी गेलं की तुमास्नी भाकरी कोण थापणार?"

"म्हनून तर थांबलीया मी. तुझ्या हातची वाकडी भाकरी खाऊन बी जगलीया, आनि काय पायजे?"

दोघी हसल्या. मीही हसले. पण अव्वा उठली, ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून आली, केसांना पाणी लावून आली आणि बाजेवर येऊन बसली. गुडघ्यांवर हात, ओठ घट्ट मिटलेले, कारण दात नाहीत. डोळे ताणून उघडलेले.

"अव्वा, श्वास तर घे."

"घेतला. काढ बिगीनं."

मी फोटो काढला. अंगणात लख्ख ऊन होतं. आमच्याकडच्या उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. त्यासाठी माझी जुनी युक्ती आहे. उन्हाकडे पाठ करायची, खाली बसायचं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून त्याच्या आत कॅमेरा घ्यायचा. आत छान अंधार होतो. मी बघितलं. कॅमेऱ्यानं अव्वाच्या कपाळावरचा पदराचा काठ धरला होता. काठाची वीण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट, डोळे पुसट. पुन्हा काढला. या खेपेला डोळे आले, पापण्यासुद्धा सुट्या आल्या. पण ते अव्वाचे डोळे नव्हते. कुणी दरडावल्यावर माणूस बघतं तसं ते बघत होते. परत काढला, परत पदरात शिरले. डोळे स्पष्ट, अव्वा नाही. असं कितीतरी वेळ चाललं.

पदराच्या आत मला बाहेरचं ऐकू यायचं. अव्वा कोंबडीला हाकलायची, भावजयीला टोमणा मारायची, मोठ्यानं हसायची. मी बाहेर आले की सगळं बंद. पुन्हा गुडघ्यांवर हात.

भावजयीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "वन्सं, तुमी पदरात शिरला की आत्याबाई माणसात येत्यात. भाईर आला की दगूड."

"दगडाचा फोटू काढाय काय जातंय," अव्वा म्हणाली. "हलत न्हाय, बोलत न्हाय."

तेव्हा मला सुचलं. मी पुन्हा खाली बसले, पदर पुढे ओढला, पण कॅमेरा आत घेतलाच नाही. मांडीवर ठेवला, त्याचं तोंड बाजेकडे केलं आणि डोकं आत ठेवून अंदाजानंच बटण दाबत राहिले. त्याचा आवाज कुणाच्या कानावर गेला नसेल असं मला वाटलं, कारण भावजय सुपात शेंगा घोळत होती. मग ती चहा ठेवायला आत गेली. अव्वाचं एकटीचंच काहीतरी बोलणं चाललं होतं, भाकरीचं, शेळीचं, हसूही होतं मध्येच. मी दाबत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा न बघता इतके फोटो काढले.

"आलं का डोळं?" अव्वानं विचारलं.

मी काहीच बघितलं नव्हतं, पण म्हणाले, "आले."

"मग साकु. बास आता. चहा पी."

तिनं तुरीच्या शेंगा बांधून दिल्या. गाडी सुटेपर्यंत फाट्यावर उभी राहिली.

अक्कलकोट मागे पडल्यावर मी कॅमेरा काढला. शेजारी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, मांडीवर पिशवी. मी एकेक बघत गेले. नुसती भिंत. बाजेचा पाय. शेळीचं अर्धं तोंड. अव्वा हसतेय, पण हलली आहे. पुन्हा भिंत. आणि मग एक आला.

मी भिंगाचं बटण दाबलं. बाणानं सरकत आधी कपाळावर गेले, मग डोळ्यांवर. सगळं स्पष्ट होतं. विरळ झालेल्या पापण्या, डोळ्याच्या कोपऱ्यातला ओलावा, डाव्या भुवईतली खूण, सगळं. मुद्दाम काढून असा येत नाही.

पण अव्वा हसत नव्हती. ती थोडं वर बघत होती, म्हणजे कॅमेऱ्याकडे नाही, पदर ओढून बसलेल्या माझ्याकडे. ताप न उतरणाऱ्या पोराकडे बाया बघतात, तशी.

शेजारची बाई वाकून बघत होती. "आई व्हय?"

मी मान हलवली.

"कुनाकडं बघत्यात ओ एवढं?"

"माझ्याकडं," मी म्हणाले.

तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या मोकळ्या गळ्याकडे.  उठून तिनं मला खिडकीची जागा दिली.

मी बाहेर बघत बसले. दर फोनला मी अव्वाला सांगते की माझं बरं चाललंय, काम मिळतं, शेजार चांगला आहे. ती "बरं बरं" म्हणते. मला वाटायचं तिला पटतं. कॅमेऱ्यापुढे ती दगड होऊन का बसत होती ते मला त्या गाडीत कळलं. तिला फोटोची भीती नव्हती. मी डोळ्यांत डोळे घालून बघत होते, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते तिला मला दाखवायचं नव्हतं. पदराबाहेरून आत येणारा हसण्याचा आवाज माझ्यासाठी होता. चेहरा हा होता.

भावाकडे लावायला मी दगडाचाच फोटो मोठा करून, चौकटीत घालून पाठवला. भावजयीनं सांगितलं, सगळ्यांना आवडला, आत्याबाई एकदम पाटलीणबाई दिसतात. त्या दुसऱ्या फोटोचं मी कुणाला बोलले नाही. मला हवा होता तो फोटो मिळाला होता, पण तो भिंतीवर लावायचा नव्हता. येणाऱ्या माणसानं विचारलं असतं, ही एवढी काळजीत का? काय सांगणार? तो कॅमेऱ्यातच आहे. क्वचित उघडते. भिंगाचं बटण दाबत नाही, लहानच बघते. लहान असला की ती नुसती बाजेवर बसलेली दिसते.

चौकट भावाच्या घरी पोचली त्या संध्याकाळी अव्वाचा फोन आला.

"फोटू बगितला," ती म्हणाली. "चांगला आलाय की. डोळं बी आल्यात."

"हो, आलेत."

"दुसरं बी काडलीस की तितं बसून. मला काय कळत न्हाय व्हय? मांडीवर ठिवून दाबत हुतीस."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.  मग तिनं नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?"

जेवले, असं मी रोज सांगते. बहुतेक वेळा चूल पेटवलेली नसते. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "नाही गं अव्वा. एकटीसाठी करावंसंच वाटत नाही."

"व्हय," ती म्हणाली. "ठावं हाय मला."

तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. फोन तसाच कानाला होता. मागे भावजय भांडी घासत होती, ते मला ऐकू येत होतं.