देव्हाऱ्यात गेलेला दगड

आमच्या रेवतीला लहानपणापासून शेवाळाचं वेड. नाहूरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर ब्लीचिंग पावडर टाकायला माणूस आला की ही त्याच्याशी भांडायची, एक कोपरा तरी सोड म्हणून. शेजारच्या नीलमताई तेव्हाच म्हणायच्या, "पोरगी शेवाळात डॉक्टर होणार."

आणि खरंच, गेली पाच वर्षं तिची पीएचडी चालू आहे, स्कॉटलंडहून आलेल्या एका दगडावर. चाळीस कोटी वर्षांपूर्वी तिथे गरम पाण्याचे झरे होते, आपल्या वज्रेश्वरीला आहेत तसे. त्या पाण्यातल्या सिलिकेने काठची बिनपानांची झाडं जिथल्या तिथे दगडात बंद केली. त्यांच्या बुडाशी रेवतीला केसाहून बारीक धागे सापडले. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळं-हिरवं शेवाळच.

पण तिच्या मार्गदर्शक बाईंनी शंका काढली. धागे दगडाच्या तड्याला लागून आहेत. मुंबईच्या दमट हवेत आत्ताचंच काहीतरी तड्यातून आत वाढलं नसेल कशावरून? तड्यापासून लांबचा नवा काप काढून दाखव, नाहीतर प्रबंधातून हे प्रकरण गाळ. दगड उरला होता सुपारीएवढा. एकच काप निघणार. सकाळी थेट कापायला न्यायचा म्हणून तिने तो स्वच्छ फडक्यात गुंडाळून घरी आणला.

सकाळी फडकं रिकामं! माझी नणंद, लता, कणकवलीहून राहायला आली होती. तिची पूजा आटोपली होती आणि दगड देव्हाऱ्यात होता. दुधाने आंघोळ घातलेला, गंध लावलेला, वर तुळशीचं पान.

"आत्या, काय केलंस गं हे?"

"माका काय म्हायत? काळो, गुळगुळीत, धुतल्या फडक्यात. माका शाळिग्राम वाटलो. असो उघड्यार कोण ठेवता?"

मी ओरडलेच. "वन्सं, तिची पाच वर्षं आहेत त्यात! आता दूध आत गेलं असेल तर?"

"आई, तू जरा गप्प बस ना!" रेवती भिंगातून दगड फिरवून फिरवून बघत होती. "तडा एकाच बाजूला आहे. गेलं असेल तर तिथूनच. मी उलट्या बाजूने कापते."

ती गेली. वन्संनी दुपारी जेवायचं नाव काढलं नाही, मीही आग्रह केला नाही. रेवती रात्रभर प्रयोगशाळेतच राहिली. फोन आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

"आई, आहेत! तड्यापासून लांब, अगदी आत. आणि ऐक, कापात एक पांढरी शीर आहे, स्फटिकाची. ती धाग्यांना मधोमध तोडून गेलीय. धागे अलीकडेही आहेत, पलीकडेही. म्हणजे धागे आधीचे, शीर नंतरची; आणि शीरच कोट्यवधी वर्षं जुनी आहे."

"बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, लिही आता."

वन्संनी माझ्या हातातून फोन ओढला. "पण ते धागे करीत काय होते गो?"

"उघडी जमीन धरून ठेवत होते, आत्या."

रात्री रेवती घरी आली, तिसऱ्यांदा भात मागून घेतला आणि ताटावरच पेंगायला लागली. उद्या सकाळी दहा वाजेपर्यंत झोपू दे. मी तिला उठवणार नाही.