यमुनेच्या सासरी, काष्टीला

नगरहून दौंडची पॅसेंजर सुटली, तेव्हा यमुनेनं लेकीला पदराखाली घेतलं आणि खिडकीकडे पाठ करून बसली. मी पुण्याची, नगरला त्वचारोगाची डॉक्टर म्हणून रुजू होऊन वर्षही झालं नव्हतं. यमुनेची मुलगी जन्मली तीच टाळूवर रुपयाएवढी कातडी नसलेली, पायांची बोटं आखूड, बिननखाची. गिरानात (ग्रहणात) विळीवर भाजी चिरलीस म्हणून असं झालं, असा ठपका ठेवून सासूनं तिला माहेरी, नेवाशाला धाडलं होतं. टाळूची कातडी आणि बोटांची टोकं गर्भात एकाच बिघाडानं अडू शकतात, आणि तो बिघाड रक्ताच्या नात्यात उतरतो, एवढं मी वाचलं होतं. माहेरची माणसं मी तपासली होती. कुणात काही नव्हतं. आता सासर बघितल्याशिवाय मी थांबणार नव्हते.

विसापूरला गाडी तासभर रखडली. मी पेरू घेतले. यमुनेनं एकही खाल्ला नाही. काष्टीत बाजाराचा दिवस होता. बैलांच्या गर्दीतून वाट काढत वस्तीवर पोचलो, तेव्हा ऊन कलंडलं होतं.

सासूनं माझ्यापुढं माडगं (हुलग्याच्या पिठाची पेज) ठेवलं. सुनेकडे पाहिलंही नाही. ते संपवून मी सगळ्यांचे पाय दाखवा म्हणाले. यमुनेचा नवरा दत्तू यानं वहाण काढली. डाव्या पायाची दोन बोटं आखूड, नखं नाहीत. लहानपणी बैलाचा पाय पडला होता, असं घरात सांगत. मग मी सासऱ्यांना फेटा उतरवायची विनंती केली. सुनेदेखत डोकं उघडं करणं त्यांना जड जात होतं. शेवटी त्यांनी फेटा सोडला. टाळूवर केस नसलेला, गुळगुळीत चट्टा होता.

"आय म्हनायची, ल्हानपनी चुलीवर पडल्तो," ते म्हणाले आणि त्यांनी आपणहून पाय पुढं केले. तिथंही तशीच बोटं.

हे आजोबा, मुलगा, नात असं उतरलं आहे, यात आईचा दोष नाही, असं मी सांगितलं. सासरे बायकोकडे वळले.

"गिरानाचं काय न्हाई. हे आपल्या घरचं हाय."

सासूनं हात पुढं करून नात मागितली. यमुनेनं दिली, पण राहायला नकार दिला.

"आदी हिची जखम भरू द्या. मंग मी यीन."

परतीच्या गाडीत दत्तूही होता. पट्टी कशी बदलायची, खपली का ओढायची नाही, ते त्यानं दोनदा विचारून घेतलं. मी पिशवीतून केसपेपर काढला. 'घराण्यात कुणालाही नाही,' असं मीच त्यावर लिहिलं होतं. सासरचं विचारलं होतं फक्त यमुनेला, आणि सासऱ्यांचं उघडं डोकं तिनं त्या दिवसापर्यंत पाहिलंच नव्हतं. नगर यायच्या आत मी ती ओळ खोडली.