डावऱ्या कोंडाजीची मूठ

बेडशाच्या अलीकडं आमची वाडी. वाडीत डावरा म्हटलं की एकच माणूस, माझा शेजारी कोंडाजी. घास डाव्या हातानं, विळा डाव्या हातानं. भात कापायला बसला की दोन गडी मिळूनही त्याला गाठत नसत. पण गुण बघतंय कोण? त्याला पोरगी कुणी दिली नाही, पंगतीला तो टोकाला बसायचा.

आमच्याकडं वाफ्यावर पालापाचोळा पसरून राब भाजून झाला की रोपासाठी बियाण्याची पहिली मूठ फेकायची ती घरच्या मुलानं, उजव्या हातानं. डाव्या हाताचं बी भुताला जातं म्हणे. कोंडाजी थोरला असून बापानं ही मूठ धाकट्या सोपानला दिली. सोपानला टोपलीसुद्धा पेलत नव्हती, ती कोंडाजी धरायचा. दरसाल हेच. नांगर कोंडाजीचा, चिखल कोंडाजीचा, रोपांची आवणी कोंडाजीची, आणि मूठ सोपानची.

मानमोडीच्या साथीत बाप वारला, तसं सोपाननं डोकं वर काढलं. म्हणाला, "रान माझं. बापानं दादाला कदी मूठ दिली का? साऱ्या वाडीला ठावं हाय." पंच देवळात बसले. कोंडाजीची सगळी भिस्त आईवर. कस्तुराबाईनं नुसतं म्हटलं असतं की रान दोघांचं, तर पुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. म्हातारी पदर सावरून म्हणाली, "मूठ ज्याची, रान त्याचं. त्येंनीच तसं ठरीवलं व्हतं."

साफ खोटं बोलली मेली. म्हातारपणी तिला सुनेच्या हातचं खायचं होतं, आणि सून होती ती सोपानची. पंचांनी माना डोलावल्या. त्यांतला रखमाजी म्हणाला, "डावऱ्याला दोन वक्ताची भाकर मिळतीय, लय झालं."

मी कोंडाजीला म्हटलं, वडगावला जा, कचेरीत अर्ज कर. तो म्हणाला, "साक्षीला कोण यील, वयनी?" मग तो आपल्याच रानात गड्यासारखा राबला आणि गोठ्यात निजला. त्याला जीव लावणारं एकच माणूस होतं, सोपानचा एकुलता एक पोरगा बजरंग. काकाच्या खांद्यावरून उतरायचं नाव नाही.

बजरंग पाच वर्षांचा झाला आणि सोपाननं त्याला पहिल्या मुठीला उभं केलं. बांधावर सगळे भाऊबंद जमलेले. पोरानं टोपलीत हात घातला तो डावा. बांधावरचा एक चुलता हसला, आणि सोपानचं तोंड उतरलं. करावं तसं भरावं म्हणतात. पण भरलं कुणी, ते ऐका.

त्या सांजेला मी त्यांच्याकडं विस्तव न्यायला गेले. चुलीपुढं सोपान भावाच्या पाया पडत होता, त्याची बायको मागं उभी. "दादा, ह्याला मूठ न्हाई म्हणून भाऊबंद रान गिळत्याल. पोराच्या हाताला कायतरी उपाव सांग."

मला वाटलं, हा म्हणेल, असू दे रे, हात तो हात. कोंडाजी म्हणाला, "पळी तापीव. आईनं मला डागलं व्हतं."

डागून हात बदलत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सोपानला धीर होईना. तर कोंडाजीनंच पळी निखाऱ्यात घातली आणि बजरंगला मांडीवर घेतलं. पोरगं खुशीत बसलं, काका काही खायला देईल म्हणून.

"भावजी, पोराचा काय गुन्हा?" मी हात धरला त्याचा.

"माजा काय व्हता?" म्हणाला, माझा हात झटकला आणि पळी टेकवली.

मांस करपल्याचा वास अख्ख्या घरात भरला. बजरंग आईकडं गेला नाही, बापाकडं गेला नाही. भाजलेला हात पोटाशी धरून तो काकाच्याच गळ्यात पडला, "काका, मला वाचीव, काका," म्हणत.

कोंडाजीनं एका हातानं त्याला थोपटलं, आणि दुसऱ्या हातानं पळी पुन्हा निखाऱ्यात घातली.